आमच्यात भांडणंच होत नाहीत, मग घरात एवढं एकटं का वाटतं?

पत्र सिंहगड रोडवरून आलंय, ओळखीच्या खुणा काढून थोडक्यात देते. ताईंचं वय ४२, नोकरी करतात, नवरा हिंजवडीला आयटीत, लग्नाला १५ वर्षं झाली, मुलगी सहावीत. घरात भांडण नाही, व्यसन नाही, पैशाची ओढाताण नाही, हात उचलणं तर लांबच. पण त्या लिहितात, "गेल्या महिन्याचं आमचं व्हॉट्सॲप वर सरकवून पाहिलं तर दूध आण, सिलेंडर आला का, क्लासची फी भरली, हो, ओके, एवढंच होतं. प्रमोशन झालं ते सांगितलं तर लॅपटॉपवरून मान न वळवता 'अरे वा, छान' म्हणाला, मग मी बहिणीला फोन लावला. रविवारी न चुकता माझ्या ॲक्टिव्हात पेट्रोल भरून हवा चेक करून आणतो, तेवढं एक काम करतो. बहिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा तरी वाजतं, आणि तरी रात्री जेवून दोघं हसत पान खायला बाहेर पडतात. तीन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले, तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीपासून बँकेच्या कागदांपर्यंत सगळं यानेच केलं. पण तेराव्याच्या रात्री मी ओट्याशी उभी राहून रडत होते तर दारातूनच 'झोप आता, उद्या लवकर उठायचंय' म्हणाला आणि गेला. त्यानंतर मी त्याच्यासमोर रडले नाही. पंधरा वर्षांनी सगळ्यांचंच असं होतं का? माझ्या मते प्रेम संपलंय. मुलीची दहावी होईपर्यंत थांबायचं आणि मग वेगळं व्हायचं असं मी मनाशी ठरवलंय. माझं बरोबर आहे का?"

ताई, नमस्कार.

पत्र तीन-चार वेळा वाचलं. पहिल्यांदा एक सांगते, तुम्हाला जे होतंय ते खरं आहे. 'पीत नाही, मारत नाही, पगार घरात देतो, अजून काय पाहिजे तुला' हे तुम्हाला कुणीतरी ऐकवलंच असणार, आणि रात्री झोप लागत नसेल तेव्हा तुम्ही स्वतःलाही ऐकवत असाल. ते जरा बाजूला ठेवा. भरल्या घरात एकटं वाटणं हे दुखणंच आहे, ते काही नखरे नाहीत.

ह्या दुखण्याला नावही आहे. पॉल बोहॅनन म्हणून अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० मध्ये मांडलं की घटस्फोट एकदाच होत नाही, त्याचे सहा टप्पे असतात, आणि कोर्ट, पैसे, मुलं, नातेवाईक हे सगळं येण्याआधी पहिला टप्पा असतो भावनिक घटस्फोटाचा. म्हणजे माणसं एकाच घरात, एकाच डब्यातली पोळी-भाजी खात, पण एकमेकांकडून काही मागायचं आणि काही द्यायचं बंद केलेलं. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला वाटतं की तुम्ही ह्या टप्प्याच्या दारात आहात. आत गेला आहात की नाही हे मला पत्रावरून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही ते अजून पक्कं माहीत नाहीये असं मला वाटतं, का ते पुढे सांगते.

तुमचा पहिला प्रश्न, सगळ्यांचंच असं होतं का. नाही होत. बऱ्याच जणांचं होतं, पण त्यामुळे ते ठीक ठरत नाही. आणि ह्यात एक समजूत लपलेली आहे ती आधी सोडवू या, की भांडण नाही म्हणजे संसार बरा चाललाय. तुमची बहीण आणि तिचा नवरा आठवड्यातून दोनदा भांडतात आणि पान खायला जातात ह्याचं तुम्हाला कोडं पडलंय, पण त्यात कोडं काही नाही. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं नवरा-बायकोंना समोर बसवून, त्यांची बोलणी, चेहरे, छातीचे ठोके सगळं नोंदवून अभ्यास केला. त्यात दिसलं की टिकणारी जोडपीसुद्धा भांडतात, आणि त्यांच्या भांडणातले ६९ टक्के विषय तर कधी सुटतच नाहीत, तेच ते वर्षानुवर्षं चालू असतं, ओला टॉवेल, सासूबाई, एसीचं टेम्परेचर. फरक एवढाच की वाद चालू असतानासुद्धा एका कडू गोष्टीमागे साधारण पाच बऱ्या गोष्टी घडत असतात, एखादं हसू, 'बरं ते जाऊ दे', 'तुझं तेवढं खरं आहे', पाण्याचा ग्लास पुढे करणं. नात्याला विष असतं ते तुच्छतेने बोलण्याचं, नाक मुरडण्याचं, समोरच्याला खालचा समजण्याचं. तुमच्या बहिणीकडे ते नसावं बहुतेक.

ह्याच दोघांनी काही जोडप्यांचा १४ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा जे आढळलं ते तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. ज्यांच्यात कडाक्याची भांडणं होती त्यांच्यातली मोडणारी लग्नं लवकर मोडली. पण काही लग्नं बऱ्याच उशिरा मोडली, आणि ती जोडपी आधी फार भांडत होती अशातला भाग नव्हता, त्यांच्यात कमी होतं ते हसू, कुतूहल, माया. दिवसभरात काय झालं ते एकमेकांना सांगतानाही चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. म्हणजे तुमच्या घरातली शांतता बघून बाहेरचे 'किती छान जोडी' म्हणत असले तरी तुम्हाला आतून जे टोचतंय ते उगीच नाही.

आता चांगला चाललेला संसार आतून कसा दिसतो ते बघा. मला विचाराल तर सगळं येऊन थांबतं हाकेला ओ देण्यावर. गेल्या पावसाळ्यात कधीतरी तुमच्या घरी हे झालंच असेल, की नवरा मोबाईलवरून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल गेला बघ पाण्याखाली." आता भिडे पूल दरवर्षीच जातो पाण्याखाली, त्यात बातमी काय आहे? पण ती हाक असते, की मी इथे आहे, तू आहेस का. त्यावर 'हो? बघू व्हिडिओ' हे झालं ओ देणं. 'हम्म' हे झालं ऐकू न येणं. आणि 'तुला तेवढेच उद्योग' हे झालं दार तोंडावर लावणं. गॉटमननी सिएटलच्या युनिव्हर्सिटीत घरासारखी एक खोली करून तिथे नवविवाहित जोडप्यांना दिवसभर ठेवून नेमक्या ह्याच बारीक हाका मोजल्या, आणि सहा वर्षांनी परत चौकशी केली. जे एकत्र होते त्यांनी शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती, ज्यांचा घटस्फोट झाला होता त्यांनी ३३. आकडा बघा, ज्यांचं टिकलं त्यांच्याही १४ हाका वाया गेल्याच होत्या.

तुमचं प्रमोशन ही अशीच मोठी हाक होती. शेली गेबल ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम ह्याच विषयावर आहे, त्या म्हणतात की जोडीदार दुःखात कसा वागतो ह्याइतकंच, आनंदाची बातमी सांगितल्यावर तो कसा वागतो ह्याने नातं ठरतं. 'अरे वा, छान' हे वाईट बोलणं नाही पण त्यात जीव नाही, आणि तुम्ही बहिणीला फोन लावलात हे मला पूर्ण समजतं.

पण इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे, रागावू नका. तुम्ही पत्रात त्यांच्या न दिलेल्या ओ मोजल्यात, त्यांच्या हाका मोजल्यात का? ते पेट्रोलचं वाक्य तुम्ही 'तेवढं एक काम करतो' म्हणून सोडून दिलंय. दर रविवारी, न सांगता, हवासुद्धा चेक करून. मी ठामपणे म्हणत नाही की हे प्रेमच आहे, सवयही असू शकते, मी त्यांना ओळखत नाही. पण १९८० च्या एका अभ्यासात संशोधक जोडप्यांच्या घरी जाऊन बसले होते आणि दोघं एकमेकांशी काय काय चांगलं वागतात ते लिहून घेत होते, जोडप्यांनाही तेच लिहायला सांगितलं होतं. सुखी जोडप्यांची यादी आणि संशोधकांची यादी बऱ्यापैकी जुळली. दुखावलेल्या जोडप्यांना त्यातल्या निम्म्याच गोष्टी दिसल्या होत्या. समोर घडत होतं, दिसत नव्हतं.

आणि जे दिसतं त्याचा अर्थही आपण मनात जे असेल त्याप्रमाणे लावतो. फिंचम आणि ब्रॅडबरी ह्या दोन अभ्यासकांनी हे फार नीट मांडलंय. जिथे बरं चाललेलं असतं तिथे नवरा उशिरा आला, चिडचिडा आला तर बायको म्हणते वाकडच्या पुलावर अडकला असेल, बिचारा दमलाय. आणि फुलं आणली तर म्हणते, आहेच तो तसा. जिथे मन दुरावलेलं असतं तिथे नेमकं उलटं होतं, उशीर झाला की 'ह्याला घराची पडलेलीच नाही', आणि फुलं आणली की 'आज काय काम आहे ह्याचं'. म्हणजे वाईट वागला तर स्वभाव, चांगला वागला तर योगायोग. एकदा हा चष्मा चढला की समोरच्याने काहीही केलं तरी खात्यात जमा होत नाही. तुमचा चष्मा तुम्ही विनाकारण चढवलेला नाहीये, त्याला कारण आहे, आणि ते तुम्ही पत्राच्या शेवटी शेवटी दोन ओळींत लिहून टाकलंय.

तेराव्याची रात्र. पाहुणे गेले असतील, भांडी घासून पालथी घातली असतील, बारा-तेरा दिवस माणसांनी भरलेलं घर एकदम रिकामं, आणि तुम्ही ओट्याशी. इतके दिवस सगळ्यांसाठी उभ्या होतात, पहिल्यांदा स्वतःसाठी रडत होतात. अशा वेळी माणसाला उपाय नको असतो, कुणीतरी येऊन नुसतं शेजारी उभं राहायला हवं असतं. हे मी भावुक होऊन म्हणत नाहीये, जेम्स कोन ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवलं आणि आता हलका शॉक बसणार आहे अशी सूचना दिली. कुणी हात धरला नव्हता तेव्हा मेंदूतली भीतीची धावपळ सगळ्यात जास्त, अनोळखी माणसाने हात धरला तर थोडी कमी, नवऱ्याने धरला तर खूप कमी, आणि ज्यांचा संसार जास्त सुखाचा त्यांच्यात तर आणखीच कमी. तुमच्या वाट्याला त्या रात्री तो हात आला नाही, दारातून एक वाक्य आलं.

कॅनडातल्या स्यू जॉन्सन ह्यांनी जोडप्यांच्या समुपदेशनाची एक पद्धत उभी केली, त्यांनी अशा प्रसंगांना नात्याला झालेली जखम म्हटलंय. रोजची शंभर भांडणं माणूस विसरतो, पण सगळ्यात जास्त गरज होती त्या क्षणी तू नव्हतास, हे विसरत नाही. मग माणूस मनात ठरवतो की ह्याच्याकडे परत काही मागायचं नाही. तुम्ही त्या रात्री नेमकं हेच ठरवलंत. प्रेम संपलं असं तुम्ही म्हणता, मला वाटतं मागणं संपलं. प्रेम खरंच संपलं असतं तर तीन वर्षांनी तुम्हाला त्यांचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं नसतं, निदान मला तरी तसंच वाटतं.

त्यांच्या बाजूने काय झालं असेल? मला माहीत नाही, आणि मी त्यांची वकिली करणार नाही, ते चुकलेच. पण शक्यता बऱ्याच आहेत. आपल्याकडे कितीतरी पुरुषांना लहानपणापासून धावपळ करायला शिकवलेलं असतं, वैकुंठात पास काढ, गुरुजींना फोन कर, बँकेत जा, आणि रडणाऱ्या माणसाजवळ नुसतं उभं कसं राहायचं हे कुणीच शिकवलेलं नसतं. बायको रडताना बघून त्यांचा जीव घाबरा होतो आणि ते काहीतरी उपाय सुचवून पळ काढतात. 'झोप आता' हा उपाय होता. निदान असू शकेल. किंवा खरंच त्यांना काही वाटलं नसेल. ह्यातलं काय खरं ते शोधण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो तुम्ही तीन वर्षांत वापरलेला नाही, निदान पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. तुमच्या मनात खटला उभा राहिला, पुरावे झाले, निकालाची तारीखसुद्धा पडली, मुलीची दहावी, पण ज्याच्यावर खटला आहे त्या माणसाला नोटीसच गेलेली नाही. 'हे न सांगता कळायला पाहिजे' असं तुम्ही म्हणाल, मला कळतं, पण ताई, न सांगता कळतं हे आपण लग्नाआधी ऐकलेलं असतं, पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला माहीत असतं की बऱ्याचदा नाही कळत.

मुलीबद्दल. दहावीपर्यंत थांबायचं हा हिशोब पुण्यात मी खूप घरांतून ऐकते, जणू दहावीचा रिझल्ट लागला की मूल दगडाचं होतं. सरळ उत्तर ह्यात नाही. पॉल अमॅटो आणि ॲलन बूथ ह्यांनी अमेरिकेत अनेक वर्षं कुटुंबांचा मागोवा घेतला, त्यात दिसलं की जिथे सतत कडाक्याची भांडणं होती तिथली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर बरीच सावरली, पण जिथे वरवर शांतता होती तिथल्या मुलांना घटस्फोटाचा धक्का जास्त बसला, कारण त्यांना काही कल्पनाच नव्हती. तुमचं घर दुसऱ्या प्रकारचं आहे. म्हणजे गुपचूप चार वर्षं मोजून मग एकदम सांगणं हा तुमच्या मुलीसाठी सगळ्यात वाईट पर्याय ठरू शकतो. शिवाय नवरा-बायको म्हणजे सिलेंडर आणि फी, हे ती रोज बघतेच आहे.

वेगळं होणं हा पर्याय मी नाकारत नाहीये, काही घरांसाठी तोच बरोबर असतो. माहिती म्हणून सांगते, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय की एकाच छताखाली राहणारी माणसंसुद्धा नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ती वेगळी राहत असू शकतात. कोर्टालाही हे कळलेलं आहे बघा. पुण्यात अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जातो आणि तिथेही आधी समुपदेशकांसमोर बसवतात. मग ते बसणं आत्ताच, मनात थोडी ऊब शिल्लक असताना का करू नये?

तर आता काय करायचं. पहिले दोन आठवडे ह्या विषयावर काहीच बोलू नका, फक्त एका वहीत रोज रात्री लिहा की आज त्यांनी कुठली हाक मारली आणि मी ओ दिली का. भिडे पुलासारखी बारीक हाकसुद्धा लिहायची. आणि दिवसातून एकदा तुम्ही हाक मारा, कामाची सोडून. 'आज बँकेत जाताना बाबांच्या वयाचे एक गृहस्थ दिसले' एवढंही चालेल. उत्तर 'हम्म' आलं तर तेही लिहा, खोडू नका.

मग त्या रात्रीबद्दल बोला. रविवार सकाळ निवडा, हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिक काढून आलेल्या माणसाशी रात्री साडेनऊला हे बोलू नका, आणि मुलगी क्लासला गेलेली असू दे. सुरुवात कशी होते ह्याला फार महत्त्व आहे, गॉटमनच्याच अभ्यासात पहिल्या तीन मिनिटांवरून पुढचं बोलणं कुठे जाणार ते दिसायचं. 'तुला कधीच माझी पर्वा नव्हती' ने सुरू केलंत तर ते बचावाला उभे राहतील आणि विषय तिथेच संपेल. असं काहीतरी म्हणा, "बाबांच्या तेराव्याच्या रात्री मी ओट्याशी रडत होते, तू झोप म्हणालास आणि गेलास. मला तेव्हा तू जवळ यायला हवा होतास. तेव्हापासून मला तुझ्यासमोर रडता येत नाही, आणि मला ते परत यायला हवंय." एवढंच. मग गप्प बसा, दोन मिनिटं गेली तरी चालतील. ते एकदम बंद झाले, उठून गॅलरीत गेले तर मागे जाऊ नका, अशा वेळी माणसाचे ठोके बऱ्याचदा शंभरच्या वर गेलेले असतात आणि तो ऐकण्याच्या स्थितीत नसतो, निदान वीस मिनिटं जाऊ द्या. पण परत या, तो विषय वाऱ्यावर सोडू नका.

समुपदेशकाकडे जाऊ या असंही सुचवा, ते नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या जा, एकाने पावलं बदलली तरी दुसऱ्याचा ठेका चुकतो आणि काहीतरी हलतं. आणि एक बघा, ते फक्त तुमच्याशीच तुटक आहेत की मित्र, आवडीनिवडी, जेवण, झोप सगळ्यातूनच लक्ष उडालंय. तसं असेल तर ते डिप्रेशनही असू शकतं, आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, तुम्हीही तिथे फोन करू शकता.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या घरी मारहाण आहे, धमक्या आहेत, पैसे अडवणं, फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं आहे, त्यांनी ह्यातलं काहीही करू नये, हाका मोजत बसू नये. १८१ वर फोन करा, लगेच धोका असेल तर ११२. आणि जे नवरे हे वाचतायत, बायको सांगत होती तोपर्यंत कटकट वाटायची आणि हल्ली ती सांगायची थांबली म्हणून बरं वाटतंय ना, तर आज तिला विचारा की ती कधीपासून थांबली.

ताई, पहिल्याच दिवशी सगळं उघडं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सहा महिने द्या, चार वर्षं नको. सहा महिन्यांत तुम्ही खरोखर हाका मारल्यात, ती रात्र त्यांना स्पष्ट सांगितलीत, मदत घेतलीत, आणि तरीही पलीकडून काहीच आलं नाही, तर वेगळं व्हायचा तुमचा निर्णय पूर्ण माहितीवर घेतलेला असेल आणि मी तुमच्या बाजूने उभी असेन. ते बोलणं झालं की मला लिहा. नुसतं 'हम्म' आलं असेल तरी लिहा.